लेकरू स्वतःलाच मारून घेते तेव्हा



या पानावर मी तुमच्याशी नेहमी बियाणे, खते, अळ्या आणि पाऊस यांबद्दल बोलतो. आज विषय निराळा घेतला आहे. तो घेऊ की नको, असे दोन महिने मनात चालले होते. शेवटी ज्या घरामुळे तो सुचला त्या घरच्याच माउलीने सांगितले, "सायेब, लिहा. माझ्यासारख्या आणिक बी असतील." म्हणून लिहितो.

झाले असे. गेल्या भाद्रपदात एका शेतकऱ्याकडे कपाशी पाहायला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण सांगितले तर घर लगेच ओळखू येईल. शेतातले कामगंध सापळे तपासून आम्ही घरी आलो, ओसरीवर टेकलो. आत चहाचे आधण ठेवले होते. घरातले धाकटे पोर, असेल दोन-सव्वादोन वर्षांचे, थोरल्या बहिणीच्या हातातल्या मोबाइलसाठी हटून बसले होते. तिने मोबाइल पाठीमागे लपवला. पोराने आधी भोकाड पसरले. मग दोन्ही हातांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतले. तेवढ्याने भागेना म्हणून ओसरीच्या शहाबादी फरशीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या क्षणी चौघांनी चार गोष्टी केल्या. बाप ओरडत हात उगारून धावला. आजीने लगबगीने गुळाचा खडा आणला. बहिणीने घाबरून मोबाइल त्याच्या हातात दिला. आणि आईने त्याला उचलून, पदराआड झाकून आत नेले. जाताना तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. ती नजर दुःखाची कमी आणि शरमेची जास्त होती. परक्या माणसापुढे घराची अब्रू गेली, असे तिला वाटले असावे.

"दृष्ट लागलीय त्याला," आजी म्हणाली. "मीठ-मोहऱ्या रोज उतरवते, पण गुण न्हाई."

"कसली दृष्ट! लई हट्टी हाय," बाप म्हणाला. "दोन ठेवून दिल्या तरी ऐकत न्हाई."

मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण माझ्या घरीही हे घडलेले आहे आणि त्यात मी मोठी चूक केलेली आहे. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांना विचारून, वाचून आणि दोन-तीन घरांत प्रत्यक्ष पाहून जे समजले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की असे करणारे तुमचे एकटेच मूल नाही. एक ते चार वर्षांच्या दरम्यान पुष्कळ मुले राग अनावर झाला की डोके आपटतात, स्वतःला चापट मारतात, हाताला चावतात, केस ओढतात, अंग टाकून देतात. या वयात मुलाला हवे-नको सगळे कळते, पण सांगायला शब्द नसतात. मोठ्या माणसाला राग आला तर तो दोन शिव्या हासडतो, भांडतो, नाही तर तोंड फिरवून शेतावर निघून जातो. दोन वर्षांच्या पोराला यातले काय येते? आत उसळलेला राग बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो स्वतःच्या अंगावर निघतो. बोलता येऊ लागले की बहुतेकांचे हे आपोआप कमी होते आणि तीन-चार वर्षांपर्यंत थांबते.

काही मुले झोप येताना उशीवर किंवा पाळण्याच्या दांडीवर एका लयीत डोके आपटत राहतात. त्यात राग नसतो, आपण झोका घेतो तसा तो प्रकार असतो. तोही बहुधा वयाबरोबर जातो. त्याचा आजच्या विषयाशी फारसा संबंध नाही.

एक गोष्ट मात्र त्या ओसरीवर बसल्याबसल्याच माझ्या लक्षात आली होती. बोलता बोलता आजोबांनी सोयाबीनच्या भावाचा विषय काढला आणि "काय करावं, नशीबच असलं!" म्हणून फाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आपल्याकडे ही सवय घरोघर आहे. पाऊस गेला, कपाळावर हात. मोटार जळाली, कपाळावर हात. आजी तर तोंडात मारून घेऊन "माझंच चुकलं" म्हणते. आपण हे सहज करतो, पण उंबऱ्यात बसलेले दोन वर्षांचे पोर ते पाहत असते. प्रत्येक मूल मोठ्यांचे पाहूनच असे करते, असे मी म्हणणार नाही, कारण ज्यांच्या घरी कोणी कपाळ बडवत नाही त्यांचीही मुले असे करतात. तरीपण आजोबांनी तेवढे सोडावे, असे मी त्यांना हात जोडून सांगितले. ते हसले, आणि सवयीने पुन्हा कपाळाकडे हात गेला. असो.

आता माझी चूक सांगतो.

१९९९ सालची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो, तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत बिऱ्हाड होते. मुलगा दोन वर्षांचा. दिवसभर फिरून, धूळ खाऊन घरी यायचो आणि यायच्या वेळीच याचा थयथयाट चालू असायचा. एका बाजूने डोक्यावर हाताने थाड थाड मारून घ्यायचा. तीन दिवस मी समजूत घातली, चौथ्या दिवशी माझा तोल गेला आणि मी त्याला मारले. "तुला मारूनच घ्यायचंय ना, मग घे," असे म्हणून मारले. हे शब्द मी पुढे कधी विसरू शकलो नाही. त्या रात्री त्याला ताप भरला आणि सकाळी उशीवर पिवळा डाग दिसला. कान फुटून पू वाहत होता. तो मारून घ्यायचा ती बाजू त्याच कानाची. पोरगे चार दिवस आम्हांला सांगत होते, की इथे दुखते. त्याच्याजवळ शब्द नव्हते, हात होता.

तेव्हा वाचकहो, मूल नव्याने असे करू लागले, किंवा एकाएकी वाढले, तर हट्ट म्हणण्याआधी दुखणे शोधा. कान, नव्याने येणाऱ्या दाढा, घसा, पोट, दोन-दोन दिवस न झालेले शौच, अंगावरचे खरूज-पुरळ. तोंड उघडून उजेडात पाहा. कानाला हात लावू देत नसेल, एकच बाजू बडवत असेल, रात्री झोपेतून किंचाळून उठत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि मेहेरबानी करून कानात कोमट तेल घालू नका, आजीने सांगितले तरी घालू नका. अंगात रक्त कमी असलेले मूलही किरकिरे आणि अस्वस्थ होते. त्याची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत जंताची गोळी देण्याचा दिवस असतो तो चुकवू नका, वर्षाच्या पुढच्या मुलांना ती देतात.

दुखणे नाही अशी खात्री झाली, की पुढचा प्रश्न येतो, तो प्रसंग चालू असताना काय करायचे.

पहिल्याने डोके वाचवायचे. फरशी आणि कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात घाला, गोधडीची घडी सरकवा, नाही तर उचलून दगड-भिंतीपासून दूर, मऊ जागी न्या. स्वतःला मारत असेल तर मागून अलगद जवळ घ्या आणि त्याचे हात आपल्या हातांत हलके धरा. सहन होत नसेल, अधिकच चेकाळत असेल, तर सोडा, पण जवळून हलू नका. हात बांधू नका. एका घरी मी पाहिले, ओढणीने हात बांधून ठेवले होते आणि पोर खाटेच्या गातावर डोके आपटत होते. राग बांधला जात नाही.

दुसरे, आवाज खाली आणा. त्या वेळी मुलाला व्याख्यान समजत नाही. "राग आला. मोबाइल हवा होता. मी इथंच आहे." एवढे पुरे, तेही सावकाश. हसू नका. शेजारीण जमली असेल तर तिला दुसऱ्या कामाला लावा. फोनवर त्याचे चित्रण करून पाहुण्यांना दाखवण्याची नवी खोड काही घरांत शिरली आहे, तिला मी खोडच म्हणेन. आणि मारू नका. जे मूल मारून घेते त्याला मारून आपण काय शिकवणार?

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. ज्यासाठी त्याने डोके आपटले ती वस्तू डोके आपटल्यावर देऊ नका. बहिणीने मोबाइल दिला, आजीने गूळ दिला; दोघींची माया खरी. पण पोराने त्या दिवशी काय शिकले? तोंडाने मागितले तर मोबाइल पाठीमागे जातो, कपाळ आपटले की पुढे येतो आणि वर गूळ मिळतो. असा सौदा कोण सोडील? याचा अर्थ त्याच्याकडे दुर्लक्ष करा, पडू दे आपटत, असा नाही. काही पुस्तकांत तसे लिहिलेले असते आणि त्याने जिवाला धोका होऊ शकतो. डोके वाचवायचे, जवळ बसायचे, माया द्यायची. फक्त ती वस्तू द्यायची नाही. शांत झाल्यावर त्याने साधा हात पुढे केला, "दे" म्हटले, आणि देण्याजोगे असेल, तर मात्र लगेच द्या. देण्याजोगे नसेल तर दुसरे काही दाखवा.

एकत्र कुटुंबात इथेच गाडी अडते. आई नाही म्हणते, आजी पदराखालून देते, बाप ओरडतो आणि काका खिशातून गोळी काढतो. चौघांनी एकदा, पोर झोपल्यावर, एकत्र बसून ठरवले पाहिजे. त्या घरी मी आजीला हे सांगितले तेव्हा ती रुसली. "मंग मी लेकराला काहीच द्यायचं न्हाई का?" मी म्हटले, "आजी, गूळ तुम्हीच द्यायचा. पण तो हसत तुमच्याजवळ आला की द्यायचा. रडताना नाही." हे तिला पटले. गुळाचा डबा तिच्याच ताब्यात राहिला.

पण एवढ्याने भागणार नव्हते. पोराला हे नेमके कधी आणि कशाने होते, ते कोणालाच सांगता येईना. बाप म्हणे, दिवसभर. आई म्हणे, रात्री. आजी म्हणे, अमावास्येला जास्त.

मी त्या शेतकऱ्याला विचारले, "गुलाबी बोंडअळीसाठी आपण सापळा कशाला लावतो? डोळे मिटून फवारत का नाही?" तो म्हणाला, "मोजायला." बरोबर. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले तर फवारणीची वेळ आली असे आपण मानतो. त्याआधी औषध म्हणजे पैसा पाण्यात. मग पोराचेही मोजू. मी त्याला सापळ्यांची नोंद करायची वहीच दिली आणि मागच्या पानांवर चार रकाने आखून दिले. किती वाजता झाले, त्याच्या आधी काय चालले होते, पोराने काय केले, आणि त्यानंतर घरच्यांनी काय केले. आठ दिवस लिहायचे. लिहायचे काम थोरल्या मुलीकडे, ती चौथीत आहे, अक्षर छान आहे.

ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. १९८२ साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. आपण प्रयोगाच्या वाफ्यात खत तेवढे बदलतो आणि बियाणे, पाणी, अंतर सारखे ठेवतो. तसेच त्यांनी केले. एका वेळी मुलाने मारून घेतले की त्याची विचारपूस करायची. एका वेळी काम सांगायचे आणि मारून घेतले की काम थांबवायचे. एका वेळी एकटे ठेवायचे. एका वेळी खेळणी देऊन, काही न मागता सोबत बसायचे. दिसले असे, की बहुतेक मुलांत कारण सारखे नाही. कोणी लक्ष वेधण्यासाठी करतो, कोणी नको ते टळावे म्हणून, कोणी एकटा असला तरी करतो. म्हणून शेजारच्या पोराला लागू पडलेला उपाय तुमच्या पोराला पडेलच असे नाही. ती मुले फार गंभीर अवस्थेतली होती, आपल्या हट्टी पोरांसारखी नव्हती, हेही खरे. पण आधी निरीक्षण, मग उपाय, हा धडा दोन्हीकडे लागू आहे.

आठ दिवसांनी वही पाहिली. एकंदर एकोणीस वेळा झाले होते आणि त्यांतले तेरा प्रसंग संध्याकाळी सहा ते आठ या वेळेतले. त्या वेळी त्या घरात काय असते, तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. आई शेतावरून येऊन भाकरीला बसलेली. गोठ्यात धारा चाललेल्या. पोराने दुपारी चारनंतर काही खाल्लेले नाही. दुपारची झोप अंगणवाडीच्या गडबडीत अर्धीच झालेली. दिवसभर आई नव्हती, आणि आता ती समोर आहे पण तिचे दोन्ही हात पिठात. बहीण मोबाइल घेऊन बसलेली. भूक, झोप आणि आई, तिन्ही एका वेळी. अशा वेळी मोबाइल हे नुसते निमित्त. अमावास्येचा काही संबंध निघाला नाही, हे मी आजीला सांगितले नाही.

मग आम्ही फवारणी अशी ठरवली. आईने शेतावरून आल्यावर चूल पेटवायच्या आधी पंधरा मिनिटे हातपाय धुऊन पोराला मांडीवर घ्यायचे, बाकी काही नाही. साडेपाचला त्याला पोटभर काही द्यायचे, कालवलेला वरणभात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी. भाकरी थापताना त्यालाही पिठाचा गोळा द्यायचा, बडवू दे किती बडवायचा तो. धारांच्या वेळी आजोबांनी गोठ्यात न्यायचे. आणि मोबाइल सातनंतर माळ्यावर, सगळ्यांचा. बापाचासुद्धा. या शेवटच्या कलमाला सर्वांत जास्त विरोध झाला आणि तो बापाकडून झाला. मी त्याला सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. याच वयाच्या मुलांना दिवसा-रात्री मिळून दहा ते चौदा तास झोप लागते, वय लहान तितकी जास्त. आपल्या घरांत ती मिळते का, ते मोजून पाहा.

पहिले चार दिवस प्रकार वाढला. मला फोन आला, "सायेब, उलटं झालं. काल सात बार आपटलं." हे होणारच होते. रोज फळणारे झाड एकदा फळले नाही की माणूस ते अधिक जोराने हलवतो. पोरही तेच करते. या चार दिवसांत घरातल्या एकानेही माघार घेतली तर पोर शिकते, की थोडे जास्त जोराने आपटले की मिळते. म्हणून मी म्हटले, डोके सांभाळा, पण मोबाइल माळ्यावरच राहू द्या. दहाव्या दिवसानंतर उतार पडला.

याच काळात आईने त्याला तीन शब्द शिकवले: "दे", "नको" आणि "घे" म्हणजे मला उचलून घे. शब्द येत नव्हते तोवर हाताच्या खुणा. तळहात पुढे म्हणजे दे, मान हलवली म्हणजे नको. हे शिकवणे पोर शांत असताना, खेळता खेळता करायचे, रागाच्या वेळी नाही; पूर आल्यावर बांध घालता येत नाही. आणि त्याने खुणेने मागितले की हातातले काम टाकून आधी द्यायचे. खुणेने लवकर मिळते आणि डोके आपटून मिळतच नाही, एवढे त्याला कळले की पुढचे काम त्याचे तोच करतो. आणखी एक बारीक युक्ती. खेळातून एकदम उचलू नका. "अजून दोनदा पाणी ओत, मग चला," असे आधी सांगा. मोठ्या माणसालाही चालू काम सोडून एकदम उठवले तर राग येतो.

इथवर साध्या मुलांचे झाले. पण सगळीच मुले साधी नसतात, आणि ते ओळखण्यात उशीर झाला तर फार नुकसान होते. म्हणून पुढचे नीट वाचा.

दुसऱ्या एका गावात एक मुलगी आहे, आता सात वर्षांची. दोन वर्षांची असल्यापासून ती हाताला चावून रक्त काढी आणि कानशिलात मारून घेई. नावाने हाक मारली तरी वळून पाहत नसे. बोट दाखवून काही मागत नसे, आईचा हात धरून वस्तूकडे नेई. चार शब्द बोलत होती तेही गेले. घरच्यांनी तिला आधी देवऋषाकडे नेले, मग एका दवाखान्यात. तिथे "मुलं उशिरा बोलतात, काळजी करू नका," एवढेच सांगितले गेले. दोन वर्षे तशीच गेली. शेवटी अंगणवाडीच्या ताईने हट्ट धरला, तपासणीच्या पथकाला दाखवले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी निदान झाले. त्याला स्वमग्नता म्हणतात, इंग्रजी शब्द ऑटिझम. हा आईच्या दुर्लक्षाचा किंवा कोणाच्या पापाचा परिणाम नव्हे, मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. अशा मुलांना मिक्सरचा आवाज, गर्दी, टोचणारा कपडासुद्धा असह्य होतो, आणि मग ती स्वतःला मारून घेतात.

ती मुलगी बरी झाली, असे मी लिहिणार नाही. ती आजही मोजकेच बोलते. पण चित्रांच्या पाट्या दाखवून पाणी मागते, शौचाला सांगते, आणि हातावरचे चाव्याचे वण जुने झाले आहेत, नवे पडत नाहीत. तिचे वडील मला म्हणाले, "सायेब, ते दोन वर्सं कोण परत देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल. दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवत नसेल, एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल. दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल. आलेले बोलणे गेले असेल. तर थांबू नका. मारून घेण्याने जखमा होत असतील, डोळ्यात बोटे घालत असेल, दिवसातून अनेकदा आणि काही कारण नसताना होत असेल, किंवा चार वर्षांनंतरही चालूच असेल, तरीही दाखवा. आणि डोके जोराने आपटल्यावर शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटके आले, उठवले तरी ग्लानी जात नसेल, कान-नाकातून रक्त किंवा पाणी आले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

दाखवायचे कोठे? आधी आशाताई किंवा अंगणवाडीताई. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. आपल्या गावी केव्हा येणार ते ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मजुरी बुडाली तरी मुलाला घेऊन जा. पथकाने चिठ्ठी दिली की जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढची तपासणी आणि उपचार मोफत होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, स्वमग्नता त्यांतला एक. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्यायला लाजू नका. निरामय नावाची आरोग्य विमा योजनाही या मुलांसाठी आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. मूल वेडे ठरेल म्हणून कागद न करणारे बाप मी पाहिले आहेत. पीकविम्याच्या कागदासाठी तेच बाप दोन दिवस रांगेत उभे राहतात.

आईबद्दल थोडे. दिवसभर राबून आल्यावर रोज संध्याकाळी आपले लेकरू डोके आपटताना पाहणे, वर "हिलाच सांभाळता येत नाही" असे ऐकणे, हे सोपे नाही. त्या माउलीने मला नंतर सांगितले, की एकदा तिलाच वाटले, आपणही भिंतीवर डोके आपटावे. असे वाटू लागले, झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ हा टेलिमानस या सेवेचा नंबर आहे. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि आपल्या भाषेत बोलता येते. बापांनीही लावायला हरकत नाही. आणि बाप मंडळी, संध्याकाळचा एक तास पोराला तुम्ही घ्या. त्याला काही वेगळी अक्कल लागत नाही. खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चक्कर मारा, एवढेच.

दिवाळीनंतर मी त्या घरी पुन्हा गेलो होतो, कपाशीची वेचणी चालू होती. पोर ओसरीवरच होते, आजीच्या गुळाने तोंड माखलेले. वही मागितली तर मुलीने आणून दिली. कार्तिकात अख्ख्या महिन्यात पाच वेळा, त्यांतले तीन त्याला ताप होता त्या दोन दिवसांतले. मी खिशातले पेन काढले तसे त्याने तळहात पुढे केला आणि म्हणाला, "दे." टोक अणकुचीदार, म्हणून मी दिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, ओठ काढले, हात कपाळाकडे गेला. आम्ही सगळे श्वास धरून बसलो. मग त्याने माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि गोठ्याकडे निघून गेला.

आजोबा म्हणाले, "सायेब, हे चालतंय का?"

मी म्हटले, सध्या चालते. मला मारू नये, हे पुढच्या खेपेस शिकवू.

हरभऱ्यावरील घाटे अळीचा राहिलेला भाग पुढील अंकी.